पाच मीटर पाण्याचा हिशेब

कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरला की हवा बदलते, झाडे बदलतात आणि रस्त्याकडेचे फलकही बदलतात. घाटावरचे ट्रॅक्टरचे आणि शिकवणी वर्गांचे फलक मागे पडतात आणि कणकवलीच्या आसपास पाण्याखालचे जग सुरू होते. निळेशार पाणी, काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे मासे, तोंडात नळी धरलेला एक माणूस आणि त्याच्या खाली आश्वासन : पोहता येत नसले तरी चालेल. स्कूबाच्या ज्या खेळासाठी लोक अंदमानला किंवा परदेशात जातात आणि तिथे आठवड्याचे पैसे एका दिवसात मोजतात, तो इथे मोसमात हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतो आणि त्यात बरेचदा व्हिडिओसुद्धा येतो. हा भाव वाचून घाटावरून उतरलेल्या माणसाच्या मनात दोनपैकी एक विचार येतो. सावध माणूस म्हणतो, एवढे स्वस्त म्हणजे कुठेतरी जिवाशी खेळ असणार. धीट माणूस म्हणतो, पंधरा-वीस फूट तर पाणी, त्यात काय होणार आहे? मालवणच्या किनाऱ्यावर चार दिवस नीट डोळे उघडे ठेवून फिरले तर दोघांचेही चुकलेले दिसते. एक पैशांकडे बघतो आहे, दुसरा खोलीकडे. धोका या दोन्हींत फारसा नाही. तो आहे मिनिटांत, म्हणजे होडीत चढण्यापासून पुन्हा वाळूवर पाय टेकेपर्यंत माणसाच्या वाट्याला किती वेळ आणि किती लक्ष येते यात.

महामार्गावर कसालला वळले की पुढचा पस्तीसेक किलोमीटरचा रस्ता जांभ्याच्या सड्यावरून जातो. काळसर लाल दगड, काजूची झाडे, मधूनच एखादी चिऱ्याची खाण, आणि मग उतारावर अचानक माडांचा हिरवा पट्टा. मालवण बंदराच्या जेटीवर आले की समोर सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचे काम सुरू केले. मुहूर्ताची पूजा जिथे झाली तो मोरयाचा धोंडा आजही किनाऱ्यावर दाखवतात. ही जागा का निवडली याचे उत्तर तटबंदीत शोधण्याऐवजी पाण्यात शोधावे. किल्ल्याच्या आजूबाजूला समुद्रात खडकांचे जाळे आहे, इथल्या बोलीत खडपे. काही भरतीला बुडतात, काही ओहोटीलाही वर येत नाहीत. वाट ठाऊक नसलेल्या जहाजाचा तळ फाडायला ती पुरेशी होती, आणि वाट ठाऊक होती फक्त इथल्या मच्छीमारांना. थोडक्यात, किल्ल्याला दगडी तट एक आणि पाण्याखालचा तट दुसरा. आज पर्यटकांना बुडी मारायला नेतात ती याच दुसऱ्या तटावर. प्रवाळाला वाढण्यासाठी पक्का खडक लागतो, अंगावर गाळ बसलेला चालत नाही आणि उजेड लागतो. कोकणच्या बहुतेक किनाऱ्यावर खाड्यांचा गाळ या गोष्टी जुळू देत नाही. मालवणला खडपांमुळे त्या काही प्रमाणात जुळल्या. साडेतीनशे वर्षांपूर्वी जहाजे ज्या खडकांना भीत होती, त्यांच्याच अंगावर आज गावाचा एक धंदा उभा आहे, आणि वाट दाखवणाराही बहुधा त्याच दर्यावर्दी समाजातला आहे.

हा धंदा कुठून आला हे समजून घेतल्याशिवाय त्याचा भाव समजत नाही. मालवणची जुनी मासेमारी म्हणजे रापण. होडीतून अर्धगोल जाळे सोडायचे, दोन्ही टोके किनाऱ्यावर आणायची आणि पन्नास-पाऊणशे माणसांनी ती ओढायची. मिळेल त्यात प्रत्येकाचा वाटा. यांत्रिक बोटी आल्या, पर्ससीन जाळी आली, रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करणे आले आणि किनाऱ्यालगत येणारा मासा कमी झाला. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातला झगडा या जिल्ह्याने अनेकदा रस्त्यावर आणि समुद्रातही पाहिला आहे. त्याआधी, १९८७ मध्ये, किल्ला, पद्मगड आणि भोवतालची खडपे धरून सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. मच्छीमारांना त्यात आपल्या पोटावर पाय दिसला आणि तो विरोध पुढे अनेक वर्षे टिकला. गेल्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या आणि कांदळवन कक्षाच्या प्रकल्पातून इथल्या तरुणांना वेगवेगळी कामे शिकवली गेली. त्यात खेकडेपालन होते, कालवपालन होते आणि पाण्याखालची वाटाड्येगिरीही होती. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर स्कूबा मोठा झाला तो असा. बड्या कंपनीने येऊन तळ ठोकला असे झाले नाही. होडी आधीच घरात होती, पाण्याची भीती नव्हती आणि खडपांची नावे तोंडपाठ होती. पकडलेला मासा एकदाच विकला जातो, पाण्यात सोडलेला तोच मासा मोसमभर रोज विकता येतो, हे अर्थशास्त्र इथल्या पोरांना कुणी शिकवावे लागले नाही.

आता भावाचा हिशेब. अंदमानात हाच पहिला अनुभव साधारण तिप्पट-चौपट महाग पडतो, म्हणून मालवणचा धंदा काहीतरी लपवतो आहे असे अनुमान निघत नाही. बुडीच्या खर्चातला मोठा भाग अंतराचा आणि हवेचा असतो. मालवणच्या जेटीवरून किंवा दांडीच्या वाळूवरून खडपे होडीने दहा-पंधरा मिनिटांवर आहेत. डिझेल थोडे, फेऱ्या अनेक. हवेचे गणित तर आणखी बोलके आहे. पाठीवरच्या टाकीत, लोक समजतात तसा ऑक्सिजन नसतो, तुमच्या-आमच्या नाकातोंडात जाणारी साधी हवाच दाबून भरलेली असते. नेहमीच्या वापरातल्या टाकीत ती सुमारे सव्वादोन हजार लिटर मावते. शांत माणूस मिनिटाला साधारण वीस लिटर हवा घेतो असे धरू. समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणून पाच मीटरवर तोच माणूस टाकीतली तीस लिटर हवा वापरतो आणि वीस मीटरवर साठ. म्हणजे पाच मीटरवर पंधरा मिनिटांच्या एका फेरीला साडेचारशे लिटर लागतात आणि राखीव हवा ठेवूनही एका टाकीत तीन-चार जण होतात. वीस मीटरवर अर्ध्या तासात तीच टाकी एका माणसाला जेमतेम पुरते. इथली बरीचशी स्वस्ताई अशी भूगोलाने दिलेली आहे. (एका टाकीबरोबर तोंडात धरायची नळीही एकातून दुसऱ्याकडे जाते हे खरे. दोन माणसांच्या मध्ये ती जंतुनाशकात बुडवली जाते का हे बघायला लाजू नये.) भूगोलाने दिलेली सवलत घ्यायला हरकत नाही. पण त्याच भावात आणखी एक गोष्ट मिसळलेली असू शकते, ती म्हणजे घाई, आणि फलकावर दोन्ही एकाच आकड्यात दिसतात.

घाई का महाग पडते हे धीट माणसाच्या प्रश्नातच दडले आहे. पंधरा-वीस फूट पाण्यात काय होणार? डोंगर जितका उंच तितकी पडण्याची भीती मोठी, ही जमिनीवरची समज आपण तशीच पाण्यात नेतो. पाण्यात ती उलटी होते. १६६२ साली रॉबर्ट बॉईलने मांडलेला नियम शाळेत सर्वांनी पाठ केलेला असतो : दाब अर्धा झाला की वायूचे आकारमान दुप्पट. तीस मीटरवरून वीस मीटरवर आले तर दाब चारवरून तीन वातावरणे होतो आणि छातीतली हवा एक तृतीयांशाने फुगते. पाच मीटरवरून पृष्ठभागावर आले तर दाब दीडवरून एक होतो आणि हवा निम्म्याने फुगते. खोलवरच्या त्या दहा मीटरांपेक्षा हे शेवटचे पाच मीटर जास्त आडदांड आहेत. पाच मीटरवर सहा लिटर हवा छातीत भरून, घाबरून, तोंड घट्ट मिटून कुणी वर उसळला तर पृष्ठभागावर त्या हवेला नऊ लिटर जागा हवी असते, आणि फुप्फुसात ती नसते. फुप्फुसाची नाजूक भिंत फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. भरलेल्या छातीने श्वास रोखला असेल तर यासाठी सव्वा-दीड मीटरचे अंतरही पुरते. स्कूबातला पहिला नियम म्हणून मासे, प्रवाळ, फोटो या कशाबद्दलही नाही. तो एवढाच आहे की श्वास कधीही रोखायचा नाही. गंमत अशी की विहिरीत, नदीत, तरणतलावात पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला नेमके उलटे शिकवलेले असते : डोके पाण्याखाली गेले की श्वास धरा. म्हणजे नवख्या माणसाकडून त्याची बालपणापासूनची सवय काही मिनिटांत पुसून घ्यायची आहे. हे काम किती मिनिटांत करायचे, हा स्वस्त स्कूबापुढचा खरा प्रश्न आहे.

खडपापाशी नांगर पडल्यावर जे घडते ते पाहिले तर या मिनिटांचे मोल कळते. जाकीट, कमरेला शिशाची वजने, डोळ्यांवर मास्क, तोंडात रेग्युलेटर. माणूस होडीच्या कडेला धरून तोंडाने श्वास घेतो आणि त्याला हे विचित्र वाटते, कारण जन्मभर त्याचे नाक हे काम करत आले आहे. मग हातांच्या खुणा. इथे घाटावरच्या माणसाची हमखास गल्लत होते. अंगठा वर केला की आपल्याकडे त्याचा अर्थ छान, झकास. पाण्याखाली त्याचा अर्थ मला वर न्या. सगळे ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून वाटोळे करायचे. उत्साहात अंगठे दाखवणाऱ्याला गाईड वर आणतो, आणि दोन फेऱ्यांनंतर काही गाईड अंगठ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट, कारण मग ज्याला खरोखर वर यायचे आहे त्याचीही खूण वाया जाते. कानांचेही तसेच. एक-दोन मीटर खाली गेले की कानाच्या पडद्यावर दाब जाणवतो, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की कान मोकळा होतो. हे दुखायला लागण्याआधी करायचे, दुखल्यावर जोर लावून नाही. सर्दी असेल तर कान मोकळा होतच नाही आणि त्या दिवशी किनाऱ्यावर बसून सोलकढी प्यावी हे उत्तम. नवख्यांना सर्वाधिक होणारी इजा कानाची असते, आणि ती जवळजवळ दर वेळी खाली उतरण्याच्या वेगाशी बांधलेली असते.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. मालवणात गाईड पाठीमागून टाकी धरूनच असतो, पर्यटकाला हातपाय हलवायचेही काम नसते, मग त्याला एवढे कशाला शिकवायचे? आक्षेपात तथ्य आहे. एका पर्यटकामागे एक गाईड हे प्रमाण जगातल्या अनेक महागड्या केंद्रांपेक्षा चांगले आहे. १९६६ पासून प्रशिक्षणाचे काम करणाऱ्या पॅडी या संस्थेच्या पद्धतीत पहिल्या अनुभवाला वयाची अट किमान दहा वर्षे, खोली कमाल बारा मीटर आणि उघड्या समुद्रात एका प्रशिक्षकामागे चार जण चालतात. मालवणचा एकास एक गाईड या चारच्या आकड्याला लाजवतो. पण गाईडचा हात टाकीवर असतो, पर्यटकाच्या घशावर नसतो. श्वास रोखायचा की सोडायचा हे दुसऱ्याच्या हाताने ठरत नाही. मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरले की घाबरून रेग्युलेटर काढून टाकण्याची इच्छा होते, ती इच्छा बाहेरून कुणी थांबवू शकत नाही. गाईडची पकड शरीर सांभाळते. प्रतिक्षिप्त क्रिया सांभाळायला त्याआधीची दहा-पंधरा मिनिटे लागतात, कमरेएवढ्या पाण्यात, घाई नसलेल्या आवाजात.

आणि मग खाली काय दिसते? फलकावरचे निळेशार पाणी बहुतेक दिवशी दिसत नाही. मालवणचे पाणी हिरवट आहे. चांगल्या दिवशी काही मीटर दिसते, वाईट दिवशी हात लांब केला तर बोटे अंधुक होतात. या नजरेच्या टप्प्याचे वेळापत्रक मच्छीमाराला पंचांगावरून कळते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जोरात येते-जाते आणि तळ ढवळून निघतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या पाण्याला, ओढ मंद असते आणि गाळ खाली बसतो. आठवडाभर आधी सुट्टी टाकणाऱ्याने शनिवार-रविवार बघण्याबरोबर तिथीही बघावी, हा सल्ला कोणत्याही माहितीपुस्तकापेक्षा जुना आहे. खडकावर प्रवाळाचे गोळे आणि थाळ्या असतात, त्यांच्या आडून पट्टेरी मासे येतात, एखादा गोब्रा बिळातून तोंड काढतो. सगळ्यात आश्चर्य वाटते ते मासे माणसाला भीत नाहीत याचे, आणि त्याचे कारण फार आनंददायी नाही. फोटोत गर्दी दिसावी म्हणून पाव किंवा बिस्किटाचा चुरा सोडण्याची चाल पडली आहे. मासे पावावर पोसले की शेवाळ खाण्याचे त्यांचे काम राहून जाते आणि शेवाळ प्रवाळावर चढते. शिवाय नवख्याचे पाय तळ शोधतात. तळ म्हणजे अनेकदा जिवंत प्रवाळ असते, ज्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या शेजारी जागा मिळालेली आहे. वाघाच्या पाठीवर उभे राहून कुणी फोटो काढत नाही. इथे मात्र सुरक्षितता आणि संवर्धन एकाच गोष्टीवर येऊन मिळतात. ज्याला तरंगत राहायला शिकवले तो घाबरतही नाही आणि प्रवाळावर उभाही राहत नाही.

किनाऱ्यावर या गोष्टी काढल्या की दुसरा आक्षेप येतो. मोसमात रोज शेकडो लोक बुड्या मारतात, सुखरूप घरी जातात, मग एवढी काळजी कशाला? उत्तर असे की ज्याला खरोखर धोका आहे तो माणूस शेकड्यात एखादाच असतो आणि तो चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ हौशी पाणबुड्यांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध आहे. ज्या मृत्यूंत कारणापर्यंत पोचता आले त्यांत हवा संपणे किंवा कमी पडणे हे सर्वांत जास्त वेळा घडलेले सुरुवातीचे निमित्त होते, घाईघाईने वर येणे हे पुढचे पाऊल होते आणि सुमारे चौथा हिस्सा हृदयाच्या तक्रारींचा होता. ही बहुतेक प्रशिक्षित किंवा शिकत असलेली माणसे होती, तेव्हा ते आकडे मालवणच्या फेरीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण हृदयाचा चौथा हिस्सा इथेही विचारात घ्यायला हवा, कारण इथे घराच्या सहलीत येणारा पन्नाशीतला काका रक्तदाबाची गोळी सकाळी घेऊन आलेला असतो आणि पोरांपुढे मागे कसे हटायचे म्हणून गप्प बसतो. दमा, हृदयविकार, झटके, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण हे प्रश्न कागदावर विचारायचे असतात आणि उत्तर हो आले तर डॉक्टरच्या सहीशिवाय पाण्यात घ्यायचे नसते. अनेकदा तो कागद होडी सुटता सुटता, सगळ्यांचा मिळून एक, असा सही केला जातो. इथे पर्यटकच जास्त दोषी ठरतो. विचारणाऱ्याला खोटे सांगणे सोपे असते आणि पैसे परत मिळणार नाहीत या धाकाने ते आणखी सोपे होते. नकार दिलेल्याचे पैसे जो हसत परत करतो, त्याच्याकडे डोळे मिटून जावे.

मालवणहून दक्षिणेला तारकर्ली सात-आठ किलोमीटरवर. वाळू पांढरी, किनारा लांब, सुरूची बने. इथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबाचे शिक्षण देणारी संस्था उभी केली आहे. तिच्या आवारात शिकण्यासाठी खास खोल तलाव आहे आणि ज्याला या खेळात पुढे जायचे आहे त्याला तिथे रीतसर प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करता येतो. आधी तलावात, मग समुद्रात, दर पायरीवर परीक्षा. त्यात दोनशे मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणेही येते. ज्या तालुक्यात पोहता येत नसले तरी चालेल असे फलक आहेत, त्याच तालुक्यात ही संस्था आहे, आणि दोन्हींत विसंगती नाही. एक बोट धरून चालणे आहे, दुसरे स्वतःच्या पायावर. फक्त पहिले करून आलेल्याने आपल्याला डायव्हिंग येते असे समजून दुसऱ्या समुद्रात उडी घेऊ नये.

याच तारकर्लीजवळ २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. या घटनेकडे बारकाईने पाहिले पाहिजे. पाण्याखालचा भाग पार पडला होता. मास्क, टाक्या, दाब, फुप्फुसे, सगळे मागे राहिले होते. माणसे गेली ती पृष्ठभागावर, किनारा दिसत असताना. मेच्या शेवटच्या आठवड्यात वारा फिरलेला असतो, लाट उंच झालेली असते आणि पाऊस तोंडावर असतो. म्हणूनच मेअखेरीस प्रवासी होड्या बंद होतात आणि थेट गणपतीच्या सुमारास, सप्टेंबरात पुन्हा सुटतात. मोसमाचे शेवटचे दिवस धंद्याचेही शेवटचे दिवस असतात, शाळांच्या सुट्ट्याही चालू असतात, आणि गर्दी नेमकी तेव्हाच असते जेव्हा समुद्र सांगत असतो की आता पुरे. सुरक्षिततेची चर्चा टाकीच्या दर्जाभोवती फिरते, पण साधा प्रश्न विचारायचा राहून जातो : होडीत किती माणसे, जीवरक्षक जाकिटे किती, आणि परतताना ती अंगात असतात की गठ्ठ्यात? बुडी मारून आलेला माणूस ओला असतो, थकलेला असतो, त्याला जाकीट नको असते. तेव्हाच ते हवे असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळच्या पहिल्या फेरीला गेलेला माणूस भाव फारसा वेगळा न देता बरीच जास्त सुरक्षितता विकत घेतो. दर्या तेव्हा निवांत असतो आणि गाईडही.

देवबागला जमीन संपत येते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर घरे, माड, न्याहारी-निवासाच्या पाट्या. जवळजवळ प्रत्येक घराचा पर्यटनाशी संबंध आहे. इथे उभे राहून तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप ऐकावा लागतो : नियम वाढवाल तर खर्च वाढेल, लहान होडीवाला टिकणार नाही आणि शहरातून भांडवल घेऊन आलेला मोठा व्यावसायिक सगळे गिळेल. पर्ससीनने जे मासेमारीत केले ते कागदपत्रे स्कूबात करतील. ही भीती इतिहासातून आलेली आहे, तिला हसू नये. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यात नोंदणी आणि प्रशिक्षण आले, आणि प्रत्येक नोंदणीमागे हेलपाटे असतात हे कुणाला सांगायला नको. पण मूळ गरज कशाची आहे ते पाहिले तर चित्र बदलते. कमरेएवढ्या पाण्यात पंधरा मिनिटे, माणशी एक आरोग्य-कागद, होडीत एक वैद्यकीय ऑक्सिजनची टाकी (इथे मात्र खरा ऑक्सिजन), हवा भरणाऱ्या यंत्राचे तोंड जनरेटरच्या धुरापासून लांब, टाकीच्या खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख ताजी. यांतल्या ऑक्सिजनला आणि चाचणीला पैसे लागतात, ते होडीवाले मिळून करू शकतात. रापणीत जाळे सगळ्यांचे आणि वाटाही सगळ्यांचा असतो, ती रीत इथे नवी नाही. उरलेल्या गोष्टींना लागतो तो वेळ. दिवसात एक फेरी कमी होईल आणि माणशी भाव थोडा वाढेल. तो वाढीव भाव देण्याची तयारी घाटावरून येणाऱ्यांनी दाखवली नाही आणि जेटीवर उभे राहून शंभर रुपयांसाठी घासाघीस केली, तर ते शंभर रुपये कुठून कापले जातील हेही त्यांनीच ओळखावे. मासळीच्या थाळीत घासाघीस केली तर तुकडा लहान येतो. इथे सूचनांची दहा मिनिटे लहान होतात.

मालवणच्या पुढे, गोव्यात मुरगावसमोरचे ग्रांद बेट आणि कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी ही पश्चिम किनाऱ्यावरची पुढची दोन ठाणी. नेत्राणी किनाऱ्यापासून सुमारे वीस किलोमीटर आत आहे. खाड्यांचा गाळ तिथवर फारसा पोचत नाही, पाणी जास्त स्वच्छ, तळ जास्त खोल, आणि होडीचा प्रवास इतका की काहींना पाण्यात उतरण्याआधीच मळमळते. तिथला भाव मालवणपेक्षा चढा असतो, आणि तो का हे आता सांगायला नको. महाग जागा आपोआप जास्त सुरक्षित असते असेही नाही. खोली वाढली की हवा लवकर संपते, ओढ जोरदार असते आणि मदत लांब असते. खोल आणि लागोपाठ बुड्या मारल्या तर नायट्रोजन अंगात मुरतो, आणि घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे सांध्यांत, मज्जारज्जूत अडकतात. त्यावरचा उपचार दाबकक्षात होतो, आणि असे कक्ष प्रत्येक बंदरात नसतात. कुलाब्याच्या नौदल रुग्णालयासारखी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी. मालवणच्या पाच मीटरवर पंधरा मिनिटांत अंगात मुरणारा नायट्रोजन नगण्य असतो, आणि पहिल्यांदाच पाण्याखाली डोके घालणाऱ्याला इथून सुरुवात कर असे सांगण्याचे तेही एक कारण आहे.

नेत्राणीहून लागोपाठच्या बुड्या मारून आलेल्याने मात्र परतीचा रस्ता विचार करून निवडावा. एका बुडीनंतर बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमानात बसू नये, कारण उंचावर दाब उतरतो, असा पाणबुड्यांच्या वैद्यकीय संघटनेचा सल्ला आहे. आता चिपीला आणि मोपाला विमानतळ झाल्यामुळे तो मोडण्याचा मोह किनाऱ्याच्या दाराशी आला आहे. घाटालाही हेच तत्त्व लागू होते, फक्त सौम्यपणे. सावंतवाडी सोडून आंबोलीकडे गाडी चढू लागली की कान हलकेच बंद होतात आणि एक आवंढा गिळला की उघडतात. सुमारे सातशे मीटर चढून वर धुक्यात पोचल्यावर मागच्या आसनावरची, मालवणच्या बाजारात घेतलेली हवाबंद पाकिटे हाताला टणक लागतात, कारण बाहेरचा दाब आठेक टक्क्यांनी उतरला आहे आणि आतली हवा समुद्रकाठचीच आहे. वळणांचा हा सगळा घाट पाण्याच्या हिशेबात ऐंशी सेंटिमीटर भरतो.